पंधराच्या गळ्यातला पट्टा

पंधरा नंबरच्या कुत्र्याच्या पाठीवरून कंगवा फिरवता फिरवता धाकूचा हात मांडीवर आला आणि तिथेच थांबला. डाव्या मांडीवर रुपयाएवढा एक चट्टा हाताला लागत होता. वस्तऱ्याने साफ केलेल्या जागी केस परत उगवतात तेव्हा असेच खरखरीत लागतात. त्याने कुत्र्याला हलकेच दुसऱ्या कुशीवर वळवलं. उजव्या मांडीवरही तसाच चट्टा होता.

त्याने कंगवा खाली ठेवला आणि पुन्हा दोन्ही मांड्या चाचपल्या. कुत्र्याला वाटलं, धाकू लाड करतोय. त्याने पाय वर केले.

चट्टा एकच असायला हवा होता. औषधाची सुई टोचण्याआधी मांडीवरचे केस काढायचं काम धाकूचंच. पंधरा नंबरला एकच सुई दिली होती, तापाच्या चौथ्या दिवशी, उजव्या मांडीत. डावी मांडी त्याने साफ केली होती ती चौदा नंबरची, पहिल्या दिवशी. आणि चौदा नंबर मरून तीन आठवडे होत आले होते.

तो तिथेच फरशीवर बसून राहिला. शेडच्या पत्र्यावर कावळ्यांची नखं वाजत होती.

कंपनीचं आवार मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी. पुढे गोळ्या-सिरपांचा कारखाना, मागे जनावरांच्या औषधांची लॅब आणि तिच्याही मागे कुत्र्यांची शेड. एकोणीस वर्षं धाकू घाडी या शेडवर अटेंडंट होता. पिंजरे धुवायचे, खाणं तोलून द्यायचं, सुईच्या वेळी कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचं. लॅबमधले सगळे त्याला मामा म्हणत.

सध्या काम चाललं होतं गोचीड तापावर. गोचीड चावली की तिच्या तोंडातून या तापाचे जंतू कुत्र्याच्या रक्तात शिरतात, रक्त पाण्यासारखं पातळ होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. डॉक्टर वसुधा गुप्ते दोन वर्षं याच्याच मागे होत्या. त्यांच्याकडे या जंतूंचे दोन नमुने होते. एक घाटकोपरच्या एका दुकानदाराच्या कुत्र्याचा. तो कुत्रा आठ दिवस मरगळला आणि औषधाशिवाय उठून पुन्हा गिऱ्हाइकांवर भुंकायला लागला. दुसरा बोरिवलीच्या एका चौकीदाराच्या कुत्र्याचा. तो तीन दिवसांत गेला. त्या दोघांचं रक्त बर्फात जपून ठेवलं होतं आणि लॅबमध्ये त्यांना नावंच पडली होती, घाटकोपर आणि बोरिवली.

बाईंनी एकदा धाकूला दुर्बिणीतून दोन्ही दाखवले होते. लाल गोल पेशीत जोडीजोडीने चिकटलेले, पेरूच्या आकाराचे निळसर ठिपके. इकडे तेच, तिकडे तेच.

"यात मारणारा कुठला?" धाकूने विचारलं होतं.

"डावीकडचा," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही काचा अदलाबदल करून ठेवल्यात तर मलाही सांगता येणार नाही. दिसायला एक, गुण वेगळे. याला आम्ही स्ट्रेन म्हणतो."

"आमच्याकडे वाण म्हणतात," धाकू म्हणाला. "भाताचे असतात. दाणा हातात घेऊन कळत नाही, पेरल्यावर कळतं."

काचा तपासणारा टेक्निशियन नंदकिशोर शेजारच्या टेबलावरून म्हणाला, "बघा मॅडम, आपण दोन वर्षं घालवली आणि मामांनी भातात उत्तर दिलं. यांनाच पाठवा पुण्याच्या डॉक्टरांच्या सभेला."

बाई हसल्या होत्या. धाकू मात्र तिथून हलला नव्हता. त्याने हळूच विचारलं होतं, "माणसांच्या तापातपण असं असतं का हो, बाई?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या घरी काय झालं होतं ते त्यांना ठाऊक होतं. "असू शकतं, मामा," त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी भाद्रपदात घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्याच्या चाळीत घराघरांत हिवताप होता. आधी तो धाकूला आला. चार दिवस त्याने दात वाजवले, म्युन्सिपालटीच्या दवाखान्यातल्या कडू गोळ्या खाल्ल्या, पाचव्या दिवशी उठून कामावर गेला. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोला, शेवंतीला आला.

"माका लय थंडी वाजता ओ," ती म्हणाली होती.

"काय नाय गो. माका इल्लो तसोच ताप हा. चार दिवसांत उतरतलो."

आपल्यातल्या उरलेल्या दोन गोळ्याही त्याने तिला दिल्या नाहीत. रिकाम्या पोटी उलटी होते म्हणून. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, दवाखान्यात नेतास काय. तो म्हणाला, उद्या बघू, आज कुत्र्यांचं रक्त काढायचं आहे. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिने त्याला ओळखलं नाही. ती त्याला भाऊ समजून माहेरच्या गाईविषयी विचारत होती, व्याली की नाही म्हणून. तो म्हणाला, व्याली. हॉस्पिटलात सुई दिली, सलाईन लावलं. पहाटे ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, प्रेमाने, भांडी घासता घासता विचारलं होतं, "चार दिवस काय बघत बसला होतात, बाबा?" तो उठून बाहेर गॅलरीत गेला, आणि तिने पुन्हा विचारलंही नाही. ती चारकोपला नव्या सेक्टरमध्ये राहायची. सणाला यायची, डबा ठेवायची, "येते" म्हणायची. बापलेकीत बोलणं उरलं नव्हतं.

तेव्हापासून धाकूचं एक झालं होतं. कामात तो जागा असायचा, पण हात मोकळे झाले की कुठेतरी निघून जायचा. मुलुंडहून बसमध्ये बसला की भांडुपच्या पुढे शेजारच्या सीटवर शेवंती येऊन बसायची. काही बोलायची नाही. पदराने मान पुसायची. विक्रोळीला कारखान्याचा भोंगा झाला की तो बाजूला सरकून तिला जागा द्यायचा, आणि कंडक्टर विचारायचा, "काय काका, दोन तिकिटं काढू?" त्याला राग यायचा नाही. त्याला वाटायचं, काढावीत.

यंदाच्या श्रावणाच्या शेवटी बाईंनी शेवटचा प्रयोग मांडला. घाटकोपरचा वाण सौम्य आणि बोरिवलीचा जहाल, हे आता नक्की झालं होतं. प्रश्न औषधाचा होता. जहाल वाणावर औषध लवकर दिलं तर कुत्रं वाचतं का, की लवकर आणि उशिरा सारखंच? त्यासाठी एका वेतातले दोन भाऊ आणले. तांबूस अंगाचे, काळ्या तोंडाचे. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. गळ्यात पट्टे घातले, पट्ट्यांना अॅल्युमिनियमचे बिल्ले. चौदा आणि पंधरा. दोघांना एकाच दिवशी मानेच्या शिरेतून बोरिवलीचं रक्त दिलं. आठवड्याने, सोमवारी, दोघांनाही ताप भरला. चौदाला त्याच दिवशी औषधाची सुई. पंधराला चौथ्या दिवशी.

मधल्या बुधवारी शेवंतीचं वर्षश्राद्ध आलं.

प्रेमा येऊन सगळं करून गेली. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, खीर. कावळ्याची वाडी कौलावर ठेवली, गाईचं पान कोपऱ्यावरच्या गोठ्यात पोचवलं. कुत्र्याचं पान राहिलं. त्या आठवड्यात म्युन्सिपालटीची गाडी भटवाडीतली सगळी कुत्री उचलून घेऊन गेली होती. धाकू हातात पान घेऊन दोन गल्ल्या फिरला.

शेजारची मालन दारात उभी होती. ती म्हणाली, "भावजी, आख्खा जन्म कुत्र्यांत गेला तुमचा, आणि आज एक कुत्रं मिळंना?"

तेव्हा त्याला शेड आठवली. अर्धा दिवस रजा होतीच. पान डब्यात घातलं आणि दुपारच्या बसने तो मुलुंडला गेला. प्रयोगातल्या कुत्र्याला बाहेरचं काही घालायचं नाही, हा नियम त्यानेच एकोणीस वर्षं इतरांना शिकवला होता. पण ते पान शेवंतीचं होतं. ते कुणालातरी खायला घालणं भाग होतं.

जेवायची सुट्टी होती. लॅबमध्ये कुणी नव्हतं. शेडमागे जांभळाखाली पाणी शिंपडून त्याने जागा केली. कुठला कुत्रा घ्यावा असा विचार करताना त्याला वाटलं, ती ज्या दुखण्याने गेली तसल्याच दुखण्यातले हे दोघे भाऊ आहेत, त्यांनाच बोलवावं. दोघांना बाहेर आणलं. मग त्यांच्या गळ्यांकडे त्याचं लक्ष गेलं. पितरांच्या नावाने जेवायला बोलावलेल्याला असा बांधून कसा बसवायचा? त्याने दोन्ही पट्टे सोडले आणि आपल्या मांडीवर ठेवले.

पान दोन जागी वाढलं. एकाने वडे मटकावले, उसळ चाटून साफ केली. दुसरा नुसता हुंगून मागे सरला आणि सावलीत आडवा झाला. धाकूने खिरीत बोट बुडवून त्याच्या तोंडाला लावलं. त्याने कसंबसं चाटलं. जीभ तापलेली होती.

ऊन डोंगरावरून खाली आलं होतं आणि जांभळाच्या पानांतून हिरवं होऊन सांडत होतं. कारखान्याचा आवाज दूर, पाण्याखालून यावा तसा. शेडच्या पायरीवर शेवंती बसली होती. तिने नऊवारी नाही, घरातलं ते फिकट निळं पातळ नेसलं होतं. ती कुत्र्यांचं जेवण बघत होती.

"खीर घट्ट झाली," ती म्हणाली. "प्रेमाक अजून अंदाज येणा नाय."

"येतलो," धाकू म्हणाला. "तू बस जरा."

ती बसली. किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं. पलीकडे कारखान्याची घंटा झाली तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं आणि दोन्ही कुत्री अंगाला अंग लावून झोपली होती. धाकूने पान उचललं, जागा धुतली, मांडीवरचे पट्टे त्यांच्या गळ्यात घातले आणि बिल्ला बघून ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या पिंजऱ्यात सोडलं.

संध्याकाळी नंदकिशोरने थर्मामीटर लावला आणि डोकं खाजवलं. "मामा, यांची खोपडी उलटी आहे बघा. ज्याला औषध दिलं त्याचा ताप एकशे पाच. ज्याला काहीच नाही तो थंडगार."

बाईंनी आकडे पाहिले. "चौदाचा ताप उलटलाय," त्या हळूच म्हणाल्या. "औषधाला दाद देत नाहीये हा स्ट्रेन."

गुरुवारी पंधराला सुई दिली. धाकूने उजव्या मांडीचे केस काढले, कुत्र्याला डाव्या कुशीवर झोपवलं, डोकं धरलं. डावी मांडी टेबलाला लागून होती. शनिवारी चौदा मेला. नंदकिशोरने पोट उघडून प्लीहा आणि यकृत काढून घेतलं. मांडी बघायचं कुणालाच काही कारण नव्हतं. धाकूने त्याला गोणपाटात गुंडाळताना फक्त त्याचे डोळे मिटले. पंधरा जगला.

"दोन कुत्र्यांवरून मोठं काही सांगता येत नाही," बाई म्हणाल्या, "पण जे दिसलं ते मांडायला हवं. पहिल्याच दिवशी औषध देऊनही गेला."

हे वाक्य धाकू बसभर मनात धरून राहिला. पहिल्याच दिवशी औषध देऊनही गेला. एकाच आईची पोरं, एकच ताप, आणि ज्याची वेळेवर काळजी घेतली तो गेला. म्हणजे वाण जहाल असला की काहीच चालत नाही. त्या रविवारी तो स्वतःहून चारकोपला गेला. वर्षभरात पहिल्यांदा. प्रेमाला त्याने सगळं सांगितलं, घाटकोपर, बोरिवली, दुर्बिणीतले पेरू, सगळं.

"म्हणजे आईला लगेच नेलं असतं तरी..." प्रेमा म्हणाली.

"तरी तेच," धाकू म्हणाला.

ती ओट्याला धरून उभी राहिली आणि रडली. मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. मग तिने त्याला चहा दिला, साखर जास्त घालून, आणि म्हणाली, "पुढल्या रविवारी मी येते. बांगडे आणते." आणि खरंच आली. त्याच्या पुढल्या रविवारीही आली.

आणि आता मंगळवारी, शेडच्या फरशीवर, पंधरा नंबर चारही पाय वर करून पडला होता आणि त्याच्या दोन्ही मांड्यांवर चट्टे होते.

म्हणजे हा चौदा होता. याला पहिल्या दिवशी औषध मिळालं, म्हणून हा वाचला. नावाची अदलाबदल झाल्यावर चौथ्या दिवशीची सुईही यालाच बसली. आणि त्या दुसऱ्याला, सावलीत आडवा झाला त्याला, कुणी काहीच दिलं नाही.

धाकूने हिशेब लावून पाहिला तेव्हा त्याला दिसलं की आणखी आठ-दहा दिवसांत केस सारखे होतील. मग कुणी कितीही चाचपलं तरी काही लागणार नाही. बाई शुक्रवारी सकाळी पुण्याला निघणार होत्या. तिथे जनावरांच्या डॉक्टरांची सभा होती, तिथे वाचायचा त्यांचा कागद टाईप होऊन आला होता. नोकरीला सहा वर्षं उरली होती. आणि प्रेमा रविवारी येणार होती.

मंगळवारचा दिवस त्याने काढला. बुधवारचाही काढला. बुधवारी बसमध्ये भांडुपच्या पुढे त्याने सीटवर सरकून जागा केली, पण कुणी आलं नाही. त्याने विक्रोळीपर्यंत वाट पाहिली. घाटकोपरला उतरेपर्यंत जागा तशीच रिकामी राहिली.

गुरुवारी दुपारी बाई लॅबमध्ये एकट्या होत्या. टाईप केलेल्या कागदांवर पेन्सिलीने खुणा करत होत्या. धाकू पंधराला दोरीने घेऊन आत आला.

"काय झालं मामा? खात नाहीये का?"

"खातो. बाई, याच्या मांड्या बघा."

बाईंनी चष्मा वर केला आणि बोटांनी दोन्ही चट्टे दाबून पाहिले. त्या हुशार बाई होत्या. त्यांना सांगावं लागलं नाही. पण त्यांनी विचारलं, "कधी?" आणि मग धाकूने सगळं सांगितलं. डबा, जांभूळ, पट्टे. पायरीवर कोण बसलं होतं ते सांगितलं नाही.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "वड्यांसाठी, मामा? श्राद्धाच्या वड्यांसाठी माझी दोन वर्षं?"

"होय, बाई."

"तुम्हाला कळतंय का काय केलंत? मी उद्या तिथे दोनशे डॉक्टरांसमोर उभी राहून सांगणार होते की बोरिवलीवर औषध लवकर दिलं तरी उपयोग नाही. उद्यापासून त्यांनी घाई करणं सोडलं असतं. मी सांगितलं म्हणून सोडलं असतं."

"म्हणून तर आलो."

त्यांनी कागद उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. आवाज उतरला. "तुमचा मेमो निघेल. मला थांबवता येणार नाही."

"निघू दे."

"कधी सापडलं हे?"

"परवा."

"परवा," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि ते दोन दिवस कुठे गेले हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "मामा, एका कुत्र्यावरून काही ठरत नाही. आणि कुत्रं म्हणजे माणूस नाही. तुमच्या घरी जे झालं त्याचा याच्याशी..."

"ते मलापण कळतं, बाई," धाकू म्हणाला. "पण पहिल्या वेळी मी त्या एका कुत्र्यावरूनच ठरवलं होतं ना. मग आता नाही कसं म्हणू?"

बाईंनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. जे घडलं ते तुमच्या हाताने लिहा, म्हणाल्या, मराठीत लिहिलंत तरी चालेल. धाकू सातवी शिकलेला. त्याने उभ्यानेच लिहिलं. बुधवारी दुपारी मी दोन्ही कुत्र्यांचे पट्टे सोडले व परत घालताना चूक झाली. इथवर पेन सरळ चाललं. पुढच्या ओळीला वेळ लागला. औषध पहिल्या दिवशी दिलेला कुत्रा जगला. ज्यास औषध दिले नाही तो मेला. खाली त्याने सही केली आणि रजिस्टर बाईंकडे फिरवलं.

पंधराला घेऊन तो बाहेर पडला. त्याला आता काय म्हणून हाक मारायची ते त्याला सुचेना, म्हणून तो नुसता "चल" म्हणाला.

रविवारी प्रेमा दहा वाजता आली. पिशवीत बांगडे होते, ताजे, डोळे चकचकीत. मोरीत विळी मांडून ती बसली आणि तिच्या सेक्टरमधल्या पाण्याविषयी बोलायला लागली, दिवसातून अर्धा तास येतं, तेही करंगळीएवढं. धाकू दाराजवळ पाटावर बसला होता. तिचं बोलणं संपायची त्याने वाट पाहिली.

"प्रेमा, ते मी तुला कुत्र्याचं सांगितलं होतं ना."

"हं."

"ते उलटं होतं. माझ्या हातून पट्टे बदलले होते. पहिल्या दिवशी औषध दिलेला होता तो जगला. गेला त्याला औषध मिळालंच नव्हतं."

प्रेमाचा हात विळीवर थांबला. बाहेर गॅलरीत मालन कुणाच्या तरी पोराला ओरडत होती.

"म्हणजे आईला..."

"नेली असती तर राहिली असती. असं मला वाटतं. डॉक्टरबाई म्हणतात सांगता येत नाही. पण मला वाटतं." तो थोडा थांबला. "तू मला विचारलं होतंस, चार दिवस काय बघत बसला होतात. काही नाही गो. नुसताच बसलो होतो. मला वाटलं, माझ्यासारखाच ताप."

तिने मान वर केली नाही. तिच्या मनगटावर एक खवला चिकटला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

धाकूला वाटलं, आता ती उठेल, हात धुवेल, "येते" म्हणेल. त्याने तेही मनाशी धरून ठेवलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आईच्या तापाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या वाण्याकडे फोन केला होता."

"केला होता. बरं नाही तिला, येऊन जा म्हणून. पण त्याने निरोप दिला नाही ना तुला."

"दिला होता."

धाकू तिच्याकडे बघत राहिला.

"त्याच संध्याकाळी दिला," प्रेमा म्हणाली. "मी म्हटलं, हिवतापच तर आहे, बाबांनाही आला होता. रविवारी जाऊ. रविवारी यांना सुट्टी होती."

तिने बांगडा उचलला, पण विळीला लावताना तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तिने तो तसाच हातात धरून ठेवला. धाकू उठला, मोरीत आला. शेवंतीने पंचवीस वर्षांत त्याला विळीला हात लावू दिला नव्हता. त्याने धोतर आवरलं, उकिडवा बसला आणि तिच्या हातातून बांगडा काढून घेतला.

"सर जरा," तो म्हणाला.

प्रेमा भिंतीकडे सरकली. त्याने डोकं कापलं, पोट चिरलं. काप वाकडा गेला. दुसरा जरा बरा झाला. ती तांब्या भरून घेऊन त्याच्या हातावर बारीक धार धरून बसली, आणि तो एकेक बांगडा त्या धारेखाली धुवून ताटात ठेवत गेला.